शिक्षकांच्या पगारवाढीला पाठिंबा, पण कराला नकार : ओक्लाहोमाचा २०१६ चा ‘स्टेट क्वेश्चन ७७९’

सांगलीकर_मास्तर

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. थेट लोकशाहीचा पाठ आला की आम्ही मंडळी वर्षानुवर्षे स्वित्झर्लंडपासून सुरुवात करतो आणि फार तर गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलापर्यंत येऊन थांबतो. या वेळी अमेरिकेतील एखाद्या राज्यात प्रत्यक्ष मतपत्रिकेवर गेलेला आणि लोकांच्या खिशाशी थेट संबंध असलेला प्रस्ताव मुलांपुढे ठेवावा असे ठरवले, आणि शोधता शोधता ओक्लाहोमाच्या ‘स्टेट क्वेश्चन ७७९’ पाशी येऊन पोहोचलो.

प्रस्ताव थोडक्यात असा होता. राज्याच्या विक्रीकरात एक टक्क्याची, म्हणजे डॉलरमागे एका सेंटची वाढ करायची, येणारा पैसा केवळ शिक्षणासाठी राखून ठेवलेल्या निधीत टाकायचा, त्यातून सरकारी शाळांतील प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५,००० डॉलरची वाढ द्यायची, आणि हे सारे साध्या कायद्याने नव्हे तर राज्यघटनेत नवे प्रकरण घालून पक्के करायचे. वर्षाकाठी सुमारे ६१.५ कोटी डॉलर जमा होतील असा अंदाज होता. प्रवर्तक डेव्हिड बोरेन हे काही नवखे गृहस्थ नव्हते. ते राज्याचे माजी गव्हर्नर, अमेरिकी सिनेटचे माजी सदस्य आणि त्या वेळी ओक्लाहोमा विद्यापीठाचे अध्यक्ष होते. घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणण्यासाठी १,२३,७२५ सह्या पुरेशा होत्या, तिथे तीन लाखांहून अधिक सह्या दाखल झाल्या. मग ८ नोव्हेंबर २०१६ रोजी मतदान झाले आणि सुमारे ५९ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळून लावला.

माझी गाडी अडते ती इथेच. शिक्षकांचे पगार अपुरे आहेत याबद्दल त्या राज्यात फारसे दुमत दिसत नाही. राज्यव्यापी किमान वेतनश्रेणीत २००८ नंतर वाढच झालेली नव्हती. नव्याने लागलेल्या पदवीधर शिक्षकाचा किमान पगार वर्षाला ३१,६०० डॉलर होता आणि सरासरी पगाराच्या क्रमवारीत राज्य देशाच्या अगदी तळाशी होते. मग वाढ हवी असे म्हणणे वेगळे आणि खिशात हात घालणे वेगळे, एवढाच याचा अर्थ घ्यायचा का? शिवाय, जी बाब आपल्याकडे वेतन आयोग आणि मंत्रिमंडळ ठरवते ती तिथे मुळात लोकांपुढे का न्यावी लागली? विधिमंडळाने काय केले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मुले प्रश्न फार विचारतात, आणि विचारावेतही.

तळटीप

मास्तर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे निम्मे उत्तर त्यातच दडलेले आहे.

ओक्लाहोमात शिक्षकांच्या पगारासाठी कर वाढवण्याचा लढा २०१६ च्या बराच आधी होऊन गेलेला आहे. एप्रिल १९९० मध्ये तिथल्या शिक्षकांनी संप पुकारला आणि त्या रेट्याखाली विधिमंडळाने ‘हाउस बिल १०१७’ या नावाने ओळखला जाणारा शिक्षणसुधारणा कायदा संमत केला. त्यात पगारवाढ होती, वर्गातील मुलांची संख्या कमी करण्याची तरतूद होती आणि या सगळ्याचा खर्च भागवण्यासाठी करवाढही होती. राज्याचा विक्रीकर ४ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर गेला तो याच कायद्याने. गव्हर्नर हेन्री बेलमन हे रिपब्लिकन असूनही त्यांनी या कायद्यासाठी कंबर कसली होती. करवाढीला विरोध करणाऱ्यांनी तो रद्द करण्यासाठी १९९१ साली जनमत घडवून आणले, पण लोकांनी कायदा राखला.

तिथे हरल्यावर विरोधकांनी वेगळी खेळी केली. झालेला कायदा पाडता येत नसेल तर पुढचा होऊच द्यायचा नाही, अशी ती खेळी होती. मार्च १९९२ मध्ये ‘स्टेट क्वेश्चन ६४०’ मंजूर झाला आणि राज्यघटनेत नियम आला की महसूल वाढवणारे कोणतेही विधेयक दोन्ही सभागृहांत तीन-चतुर्थांश मतांनी संमत व्हावे, नाही तर पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांपुढे ठेवावे. प्रतिनिधिगृहात १०१ सदस्य आहेत, म्हणजे ७६ मते हवीत. सिनेटमध्ये ४८ आहेत, म्हणजे ३६ हवीत. याचा व्यवहारात अर्थ असा की सिनेटमधल्या अवघ्या १३ जणांनी नकारार्थी मान हलवली तरी करवाढ रोखली जाते. कर कमी करायला मात्र साधे बहुमत पुरते! त्यामुळे २००४ साली ६.६५ टक्के असलेला आयकराचा सर्वोच्च दर २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने ५ टक्क्यांवर आला, आणि नव्या तेल व वायू विहिरींवरचा उत्पादन कर पहिल्या ३६ महिन्यांसाठी ७ ऐवजी केवळ २ टक्के ठेवला गेला. उतरायला जिना आणि चढायला दोरखंड अशी ही व्यवस्था आहे.

त्यात २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले. तेलावर चालणाऱ्या राज्याच्या तिजोरीत खड्डा पडला आणि २०१६ च्या अंदाजपत्रकी अधिवेशनासमोर सुमारे १३० कोटी डॉलरची तूट उभी राहिली. अशा स्थितीत पगारवाढीसाठी तीन-चतुर्थांश मते जमवणे त्या सभागृहाच्या आवाक्यात नव्हते. बोरेन यांनी सह्या गोळा करण्याचा मार्ग धरला तो या पार्श्वभूमीवर. तेव्हा विधिमंडळाने काय केले, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की १९९२ मध्ये लोकांनीच विधिमंडळाचे हात बांधून ठेवले होते आणि त्या बांधलेल्या हातांची सोय पुढे अनेक आमदारांना आवडू लागली होती.

मेघना_ओक्लाहोमा

मास्तर, मी त्या काळात ओक्लाहोमा सिटीत राहत होते आणि आजही राहते. मला मताचा अधिकार नव्हता, कारण आम्ही कामाच्या व्हिसावर होतो. कर मात्र भरत होतो. त्यामुळे त्या चर्चेकडे मी जरा बाहेरून आणि जरा आतून अशी पाहत होते.

‘खिशात हात घालायला नको’ हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. कोणता खिसा, हे पाहिले पाहिजे. त्या वेळी ओक्लाहोमा सिटीत किराणा सामानाच्या पावतीवर तळाशी ८.३७५ टक्के कर लागलेला असे. त्यातले ४.५ राज्याचे आणि ३.८७५ शहराचे. हा कर दूध, पीठ, डाळ, भाजी सगळ्यांवर होता. अमेरिकेतील बहुतेक राज्ये किराण्यावर विक्रीकर लावत नाहीत किंवा कमी लावतात. ओक्लाहोमाने किराण्यावरचा राज्याचा वाटा काढला तो थेट ऑगस्ट २०२४ मध्ये. म्हणजे २०१६ च्या प्रस्तावाने शंभर डॉलरच्या बिलावरचा कर ८ डॉलर ३८ सेंटवरून ९ डॉलर ३८ सेंटवर गेला असता, आणि राज्य व स्थानिक कर मिळून होणाऱ्या सरासरी दरात ओक्लाहोमा देशातील सर्वांत वरच्या राज्यांत जाऊन बसले असते. महिन्याचा बहुतेक पगार दुकानातच संपणाऱ्या घराला हा एक सेंट जितका बोचतो तितका तो मोठ्या पगारवाल्याला बोचत नाही. शिक्षकांचा कैवार घेणारी पण गरिबांवरच्या कराला विरोध करणारी कितीतरी माणसे यामुळे पेचात पडली होती. त्यांना शिक्षकांचा राग नव्हता.

दुसरा विरोध आला तो शहरांकडून, आणि बाहेरच्यांच्या तो सहसा लक्षात येत नाही. ओक्लाहोमातील नगरपालिकांना रोजचा खर्च भागवण्यासाठी मालमत्ता कर वापरता येत नाही. तो कर त्यांना रोख्यांची परतफेड आणि न्यायालयीन देणी यांपुरताच मिळतो. पोलीस, अग्निशमन, रस्ते, उद्याने हे सगळे प्रामुख्याने विक्रीकरावर चालते. त्यामुळे नगरपालिकांची संघटना प्रस्तावाच्या विरोधात उभी राहिली. राज्याने आणखी एक सेंट घेतला की उद्या आम्हाला आमच्या मतदारांकडे अर्धा सेंट मागायला तोंड उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ओक्लाहोमा सिटीकरांना ‘एक सेंट’ हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. १९९३ पासून ‘मॅप्स’ नावाची योजना इथे चालू आहे. ठरावीक मुदतीसाठी एक सेंट घ्यायचा, त्यातून ठरलेली कामे रोखीने उभी करायची, मुदत संपली की पुन्हा मतदारांकडे जायचे. २००१ साली तर याच मार्गाने शाळांच्या इमारतींसाठीही पैसा मंजूर झाला. मग ज्या शहराने शाळांसाठी विक्रीकर आपणहून स्वीकारला, तेच शहर करद्वेष्टे कसे म्हणावे? फरक एवढाच की मॅप्सच्या कराला मुदत असते आणि पैसा कुठे गेला हे रस्त्यावरून जाता जाता डोळ्यांनी दिसते. ७७९ चा कर कायमचा होता आणि घटनेत कोरलेला होता.

इमारतींवरून आठवले. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना इथल्या शाळा दाखवल्या की ते चक्रावून जातात. झगमगीत क्रीडागृह, नवे कोरे छप्पर, आणि आत शिकवायला मात्र गणिताचा शिक्षक नाही. कारण असे की स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, रोखे काढून पैसा उभारायचा असेल तर ६० टक्के मते मिळवावी लागतात, आणि तो पैसा इमारती, बस, उपकरणे अशा भांडवली गोष्टींवरच खर्च करता येतो. पगारावर एक सेंटही नाही. पगारासाठी लागणाऱ्या स्थानिक मालमत्ता कराच्या दराला घटनेनेच मर्यादा घातलेली आहे. म्हणजे एखाद्या गावाने मनापासून ठरवले की आपल्या शिक्षकांना आपण स्वतः जास्त पगार देऊ, तरी त्या गावाला ते करता येत नाही. मुलांना हे जरूर सांगा, कारण याशिवाय सगळा भार राज्यावर का येतो हे कळत नाही.

परिस्थिती खरोखरच गंभीर होती, हेही सांगायला हवे. पात्र शिक्षक मिळत नसल्याने त्या सुमारास राज्य दर वर्षी हजाराहून अधिक आपत्कालीन प्रमाणपत्रे देऊन रीतसर पात्रता नसलेल्यांना वर्गात उभे करत होते. ग्रामीण भागात अनेक शाळा आठवड्यातून चारच दिवस भरत होत्या. २०१६ सालचे राज्याचे ‘उत्कृष्ट शिक्षक’ दुसऱ्याच वर्षी अधिक पगारासाठी टेक्सासला निघून गेले, ही बातमी इथे सर्वांनी वाचली. दक्षिणेकडे गाडी काढली की काही तासांत टेक्सासमधला वर्ग मिळतो आणि पगारात हजारो डॉलरचा फरक पडतो, कोण थांबेल?

हिशेबनीस

मेघनाताईंनी कराची बाजू चांगली मांडली. मी प्रस्तावाच्या रचनेबद्दल लिहितो, कारण माझ्या मते तो पडण्याचे एक मोठे कारण तिथेच आहे आणि त्याचा दोष मतदारांच्या माथी मारणे योग्य नाही.

प्रस्तावात पैशाची वाटणी टक्केवारीने लिहिलेली होती. स्कूल डिस्ट्रिक्टना ६९.५० टक्के, उच्च शिक्षणाला १९.२५ टक्के, राज्याच्या शिक्षण खात्यामार्फत बालशिक्षणाला ८ टक्के आणि व्यवसाय शिक्षणाला ३.२५ टक्के. डिस्ट्रिक्टना मिळणाऱ्या वाट्यातून पुन्हा ८६.३३ टक्के शिक्षकांच्या पगारासाठी आणि उरलेले १३.६७ टक्के वाचन, शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण इत्यादी कार्यक्रमांसाठी. हे ८६.३३ असे विचित्र का, असा प्रश्न मला पडला म्हणून गुणाकार केला, तर ६९.५० चे ८६.३३ टक्के जवळजवळ बरोबर ६० येतात. म्हणजे आधी ‘शंभरातले साठ शिक्षकांना’ असे ठरले असावे आणि मग उलट्या दिशेने आकडे बसवले गेले असावेत. मुलांना गणिताच्या तासालाही हे उदाहरण देता येईल.

पण प्रश्न उरलेल्या चाळीसांचा आहे. मोहीम चालली ती ‘शिक्षकांना पाच हजार’ या घोषणेवर. मतदाराने तपशील उघडून पाहिला की त्याला दिसे ते असे की जवळजवळ पाचवा हिस्सा विद्यापीठे आणि महाविद्यालयांकडे जातो, आणि प्रस्तावाचे मुख्य प्रवर्तक स्वतः एका विद्यापीठाचे अध्यक्ष आहेत. बोरेन यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. शाळा आणि महाविद्यालये दोन्ही उपाशी असताना दोघांचा एकत्र विचार करावा, यात तर्क आहे. पण शिक्षकांविषयीची सहानुभूती ही त्या प्रस्तावाची पुंजी होती आणि तिच्या पाठीवर इतर ओझी चढवल्यामुळे विरोधकांच्या हाती आयता मुद्दा पडला. एका प्रस्तावात एकच विषय असावा या नियमाचा भंग होतो, असा आक्षेप घेऊन एक करविरोधी गट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला, कारण सगळे खर्च ‘सार्वजनिक शिक्षण’ या एका छत्राखाली येतात. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक झाले. मतदाराला मात्र छत्राखाली कोणकोण उभे आहे हे दिसतच होते.

लोक सरसकट सगळ्यालाच नाही म्हणण्याच्या मनःस्थितीत होते, असेही नाही. त्याच मतपत्रिकेवर किराणा दुकानात वाइन आणि कडक बिअर विकू देण्याचा प्रस्ताव संमत झाला, आणि अमली पदार्थ जवळ बाळगण्याचा गुन्हा सौम्य वर्गात टाकणारा प्रस्तावही संमत झाला. ट्रम्प यांना सर्व ७७ काउंट्यांत आघाडी देणाऱ्या मतदारांनी हे केले. म्हणजे माणसे एकेक प्रश्न वाचून मत देत होती.

सांगलीकर_मास्तर

सर्वांचे आभार. वर्गात हे प्रकरण एका तासात बसणार नाही हे आताच दिसते आहे.

एक उपप्रश्न. प्रस्तावाच्या मसुद्यात अशी अट होती की या निधीचा पैसा शिक्षणाच्या चालू तरतुदीच्या जागी वापरता येणार नाही, तो तिच्यावर भर म्हणूनच द्यावा लागेल. दर वर्षी हिशेबतपासणी होईल. त्यातून सुपरिंटेंडेंटचे, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांचे, पगार किंवा पदे वाढवता येणार नाहीत. इतके कुंपण घातल्यावरही लोकांना विश्वास का वाटू नये? आणि प्रस्ताव पडल्यावर पुढे शिक्षकांचे काय झाले?

तळटीप

कुंपण चांगले मजबूत होते. राज्याच्या समानीकरण मंडळाने (राज्याच्या महसुलाचा अंदाज प्रमाणित करणारे मंडळ) दर वर्षी तपासायचे होते की विधिमंडळाने नव्या पैशाच्या आडोशाने जुनी तरतूद कापली का. कापली असे आढळले तर ती रक्कम भरून काढेपर्यंत विधिमंडळाला कोणताही खर्च मंजूर करता येऊ नये, इथपर्यंत तरतूद होती. कागदावर याहून कडक काय लिहिणार?

पण लोकांच्या आठवणीत लॉटरी होती. २००४ साली याच राज्याने शिक्षणासाठी लॉटरी मंजूर केली आणि तिच्याही निधीवर ‘हा पैसा जुन्या तरतुदीच्या जागी वापरू नये’ अशी अट घातली होती. आदिवासी राष्ट्रांच्या (मूळ अमेरिकी जमातींच्या) कॅसिनोंतून राज्याला मिळणाऱ्या हिश्श्याचा मोठा भागही शिक्षणाकडे वळवण्याचे त्याच वर्षी ठरले. शिक्षणाच्या एकूण खर्चाच्या मानाने लॉटरीचे उत्पन्न किरकोळ निघाले, पुढे तेलाच्या मंदीत मूळ तरतूदच आटली, आणि सामान्य माणसाच्या मनात ‘शाळांच्या नावाने घेतलेला पैसा गेला कुठे’ हा प्रश्न कायमचा रुतून बसला. खरे तर पैसा कुठे पळून गेला नव्हता, तो मुळात कमीच होता. पण हे समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात आणि संशय घ्यायला एक वाक्य पुरते.

हिशेबनीस

राखीव करांबद्दलचा हा संशय आपल्याला अनोळखी नाही. महाराष्ट्रात पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, त्या व्यवसाय कराची सुरुवात १९७५ च्या कायद्याने रोजगार हमी योजनेसाठी झाली. पुढे योजनेच्या कायद्यात अशी तरतूद होती की अशा करांतून जितकी रक्कम येईल तितकीच राज्याने स्वतःच्या तिजोरीतून त्यात घालावी. माझ्या मते ‘जुने कापू नका’ या अटीपेक्षा ‘आम्ही एक घालतो, तुम्ही एक घाला’ ही अट तपासायला सोपी आहे. पण आज कापल्या जाणाऱ्या त्या दोनशे रुपयांचे मूळ रोजगार हमीत आहे हे किती नोकरदारांना ठाऊक असेल? कर राहतो, त्याचे कारण विसरले जाते. ओक्लाहोमातील मतदाराला घटनेत कोरलेल्या कायमच्या कराविषयी नेमकी हीच धास्ती वाटली असेल, तर मी त्याला नावे ठेवणार नाही.

या बाबतीत ॲरिझोनाने अधिक शहाणपणा दाखवला. तिथे २००० साली ‘प्रपोझिशन ३०१’ ने विक्रीकरात ०.६ टक्क्यांची वाढ केली, तीही शिक्षणासाठी आणि त्यात शिक्षकांच्या पगाराचा मोठा वाटा होता. मुदत होती वीस वर्षांची, आणि लोकांनी तो संमत केला. मुदत संपत आली तेव्हा २०१८ साली विधिमंडळाने ती पुढे वाढवली. मुदत घातली तर कर टिकत नाही, असा युक्तिवाद कोणी केला तर तो या उदाहरणापुढे लंगडा पडतो.

मेघना_ओक्लाहोमा

हिशेबनीस, ॲरिझोनाचे उदाहरण देताना हेही सांगा की तो कर असतानाच २०१८ च्या वसंतात तिथलेही शिक्षक रस्त्यावर आले होते. मुदतीच्या कराने मत मिळवले, पगाराचा प्रश्न सुटला नाही. तुमचा मुद्दा मत मिळवण्यापुरता मान्य.

आता मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. प्रस्ताव पडल्यानंतर जवळजवळ सव्वा वर्ष नुसती चालढकल झाली. विधिमंडळात एकामागून एक योजना आल्या आणि तीन-चतुर्थांशाच्या उंबरठ्यावर अडखळल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये उद्योजकांनी पुढे केलेली, तेल, तंबाखू आणि इंधनावर कर वाढवून शिक्षकांना ५,००० डॉलर देणारी योजनाही प्रतिनिधिगृहात पडली. दरम्यान वेस्ट व्हर्जिनियातील शिक्षकांचा संप यशस्वी झाला आणि इथे फेसबुकवर ‘आपण कधी?’ असे विचारणे सुरू झाले. शिक्षक संघटनेने तारीख जाहीर केली, २ एप्रिल.

त्या तारखेच्या धाकाने जे दहा वर्षांत झाले नव्हते ते काही दिवसांत झाले. मार्चच्या अखेरीस सिगारेटच्या पाकिटावर एक डॉलर, पेट्रोलवर गॅलनला ३ सेंट, डिझेलवर ६ सेंट आणि नव्या विहिरींवरचा उत्पादन कर २ वरून ५ टक्के असे विधेयक प्रतिनिधिगृहाने ७९ विरुद्ध १९ मतांनी संमत केले. सिनेटमध्ये त्याला बरोबर ३६ मते पडली, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. १९९२ च्या नियमानंतर तीन-चतुर्थांशाचा अडसर ओलांडणारी ही पहिलीच करवाढ. गव्हर्नर मेरी फॉलिन यांनी सही केली आणि शिक्षकांना सरासरी सुमारे ६,१०० डॉलरची वाढ मिळाली. नवख्या शिक्षकाचा किमान पगार ३१,६०० वरून ३६,६०१ वर गेला, म्हणजे पडलेल्या प्रस्तावातले पाच हजार आणि वर एक डॉलर!

तरीही २ एप्रिलला शिक्षक बाहेर पडलेच, कारण पगार मिळाला तरी वर्गासाठीचा पैसा मिळालेला नव्हता. राज्य विधिमंडळाच्या इमारतीसमोरची ती गर्दी मी पाहिली आहे. एकीने फाटक्या बांधणीचे इतिहासाचे पाठ्यपुस्तक उंच धरले होते. त्याची पाने रबरबँडने एकत्र बांधलेली होती. शाळा जवळजवळ दोन आठवडे बंद राहिल्या. पगारवाढीच्या पलीकडे त्या आंदोलनाच्या हाती फारसे लागले नाही आणि १२ एप्रिलला संघटनेने ते मागे घेतले. अनेक शिक्षकांना तो निर्णय रुचला नाही.

तेव्हा मास्तर, २०१६ ला ‘नाही’ म्हणणाऱ्या राज्यानेच २०१८ मध्ये शिक्षकांसाठी कर वाढवला. फरक पडला तो कराचा भार कोणावर, यात. किराण्याऐवजी सिगारेट, इंधन आणि तेलविहिरी. पेट्रोल आणि सिगारेटचा कर गरिबालाही लागतो, हे मान्य. पण विहिरींवरचा कर त्या पॅकेजमध्ये आला म्हणून अनेकांना ते न्याय्य वाटले.

तळटीप

मेघनाताईंच्या कथनाला एक पुरवणी. ही करवाढही सुखासुखी टिकली नाही. अमेरिकी सिनेटचे माजी सदस्य टॉम कोबर्न यांच्या पुढाकाराने एका गटाने तिच्यावर जनमत घेण्यासाठी सह्यांची मोहीम उघडली होती. तसे जनमत झाले असते तर मास्तरांना वर्गात शिकवायला आणखी एक धडा मिळाला असता. पण जून २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिकेचा मसुदाच सदोष ठरवला आणि मोहीम तिथेच संपली.

आणि ज्या १९ रिपब्लिकन आमदारांनी प्रतिनिधिगृहात विधेयकाविरुद्ध मत दिले होते, त्यांच्यापैकी अवघे चार जण नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर उरले. काहींनी स्वतःहून उमेदवारी सोडली, काही पक्षांतर्गत फेरीत आणि फेरमतदानात हरले. ‘करवाढ केली तर लोक घरी बसवतील’ हे वाक्य तिथल्या राजकारणात पंचवीस वर्षे वेदवाक्य होते. त्या वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत ते निदान काही मतदारसंघांत उलटे ठरले.

हिशेबनीस

उलटे ठरले हे खरे, पण त्यावरून ‘लोक आता शिक्षकांच्या पगारासाठी काहीही मंजूर करतील’ असे मास्तरांनी मुलांना सांगू नये. त्याच नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘स्टेट क्वेश्चन ८०१’ मतपत्रिकेवर होता. मेघनाताईंनी वर म्हटले ना, की गावाला स्वतःच्या शिक्षकांना जास्त पगार देता येत नाही. त्याच अडचणीवर हा उतारा होता. इमारत निधीसाठी घेतला जाणारा स्थानिक मालमत्ता कर डिस्ट्रिक्टला हवा असल्यास पगारासह चालू खर्चासाठी वापरता यावा, एवढेच त्यात होते. नवा कर नाही, दरवाढ नाही, विद्यापीठांचा वाटा नाही. आणि तोही पडला, अगदी थोडक्या फरकाने. विरोध या वेळी शिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांतूनच आला. ज्या गावात मोठी मालमत्ता आहे तिथे इमारत निधी फुगलेला असतो आणि जिथे नुसती शेते आहेत तिथे तो नावापुरता असतो, म्हणून ही सवलत श्रीमंत डिस्ट्रिक्टच्याच उपयोगाची आणि राज्याला जबाबदारी झटकायला निमित्त, असा त्यांचा आक्षेप होता.

तुमच्या तासाला दोन्ही प्रस्ताव शेजारी शेजारी ठेवा, मास्तर. मुलांना मतपत्रिका छापून द्या, शेजारी किराण्याची पावती आणि एका छोट्या गावाच्या इमारत निधीचा आकडा द्या, आणि निकाल सांगण्यापूर्वी मतदान घेऊन पाहा. तुमच्या वर्गाचा कौल काय येतो ते इथे जरूर कळवा.